दाराच्या आतला माणूस : व्हिक्टर बर्जर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहरी तो नोकरीला असतो. येताना चॉकलेटच्या डब्याऐवजी त्याने एक जाडजूड पुस्तक आणले. "सर, हा माणूस आधी मास्तर होता, मग पेपरवाला झाला आणि मग खासदार. तुम्हाला आवडेल," असे म्हणून ते माझ्या हाती ठेवले आणि चहा घेऊन तो निघून गेला. पुस्तक होते व्हिक्टर बर्जर आणि त्याची पत्नी मेटा यांच्या १८९४ ते १९२९ या काळातल्या कौटुंबिक पत्रांचे. मायकेल स्टीव्हन्स यांनी संपादित केलेले आणि विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेले. पुढे सॅली मिलर यांनी १९७३ साली लिहिलेले बर्जरचे चरित्रही मी मिळवले. दोन्ही पुस्तके वाचताना या गृहस्थाशी माझे जे भांडण जुंपले ते अजून मिटलेले नाही. ते भांडण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बर्जर हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर असण्याचे कारण नाही. १८६० साली ऑस्ट्रियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. १८७८ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. कनेटिकटमध्ये काही काळ मिळेल ते काम करून १८८१ साली तो मिलवॉकीला पोचला. मिशिगन सरोवराच्या काठचे हे शहर तेव्हा अर्ध्याहून अधिक जर्मन वळणाचे होते. बिअरचे कारखाने, नाटकगृहे, व्यायामशाळा, गायन मंडळ्या, वर्तमानपत्रे, सगळीकडे जर्मन ऐकू येई. बर्जर तिथल्या सरकारी शाळांत जर्मन शिकवू लागला.

इथे आपल्या भागातल्या वाचकाला थोडे थांबावेसे वाटेल. १८८९ साली विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने 'बेनेट कायदा' म्हणून एक कायदा केला. शाळा कुणाचीही असो, अगदी चर्चची असो, तिथे वाचन, लेखन, गणित आणि देशाचा इतिहास इंग्रजीतूनच शिकवला पाहिजे, असे त्यात होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लूथरन आणि कॅथलिक जर्मन या एका प्रश्नावर एकत्र आले. १८९० च्या निवडणुकीत त्यांनी त्या सरकारला घरी बसवले आणि १८९१ साली कायदा रद्द झाला. सरकारी परिपत्रकाच्या एका ओळीने घराघरात काय होते, हे सीमेवर राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बर्जर त्या दिवसांत त्याच शहरात, त्याच भाषेचा मास्तर होता.

१८९२ च्या अखेरीस त्याने मास्तरकी सोडली आणि एक जर्मन वर्तमानपत्र विकत घेतले. त्याचे नाव बदलून 'फोरव्हेर्ट्स', म्हणजे 'पुढे' असे ठेवले. मग १९०१ पासून 'सोशल डेमोक्रॅटिक हेरल्ड' हे इंग्रजी साप्ताहिक आणि डिसेंबर १९११ पासून मरेपर्यंत 'मिलवॉकी लीडर' हे इंग्रजी दैनिक. जर्मनमध्ये सुरू झालेला हा संपादक इंग्रजीकडे वळला. त्याला कारण होते. जर्मन कामगारांची इथे जन्मलेली मुले इंग्रजी वाचू लागली होती. शहराच्या दक्षिण भागात पोलिश मजूर भरत होते. एका भाषेच्या जोरावर पुढारी होता येते, पण महापालिका जिंकता येत नाही, हे त्याने आपल्या बऱ्याच पुढाऱ्यांपेक्षा आधी ओळखले.

या भाषा-व्यवहाराचा उत्तम नमुना म्हणजे मिलवॉकीच्या समाजवाद्यांची पत्रकवाटप फौज. निवडणूक आली की रविवारी पहाटे कार्यकर्ते गठ्ठे घेऊन निघत आणि शहरातल्या घराघरांत पत्रके टाकून येत. त्यातली खुबी अशी की कोणत्या घरात कोणती भाषा बोलली जाते याची नोंद आधीच केलेली असे. जर्मन घरात जर्मन, पोलिश घरात पोलिश, इंग्रजी घरात इंग्रजी पत्रक पडे. आमच्याकडे निवडणुकीच्या वेळी दोन्ही भाषांत छापलेली पत्रके एकाच गठ्ठ्यात येतात आणि चुकीच्या दारात पडली की दिवसभर गल्लीत त्यावर चर्चा होते. म्हणून हा तपशील वाचून मला या माणसाविषयी आदर वाटू लागला. ज्याला मत मागायचे त्याच्या उंबऱ्यावर त्याचीच भाषा घेऊन जायचे, इतकी साधी गोष्ट. तिच्यासाठी मेहनत मात्र खूप करावी लागते.

बर्जरच्या राजकारणाची कीर्तीही अशाच मेहनतीची आहे. १८९५ साली रेल्वे कामगारांचा पुढारी यूजीन डेब्झ वुडस्टॉकच्या तुरुंगात होता. त्याला भेटायला जाताना बर्जर मार्क्सचा 'भांडवल' ग्रंथ घेऊन गेला. डेब्झ समाजवादी झाला त्यात या भेटीचा वाटा होता, असे डेब्झनेच नंतर लिहून ठेवले आहे. मात्र डेब्झ सभा पेटवणारा वक्ता आणि बर्जर हिशेब ठेवणारा. क्रांती एका रात्रीत होणार नाही, तोवर गटारे, शाळा, पाणी आणि बागा तरी नीट करू, असा त्याचा खाक्या. १९१० साली एमिल सायडेल मिलवॉकीचा महापौर झाला आणि त्याच साली बर्जर अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आला. त्या सभागृहात बसलेला तो पहिला समाजवादी. १९११ साली त्याने वृद्धांना पेन्शन देण्याचे विधेयक मांडले. तेव्हा ते कुणी मनावर घेतले नाही. असा कायदा त्या देशात १९३५ साली झाला, बर्जर जाऊन सहा वर्षे झाल्यावर. पुढे पक्षातल्याच लोकांनी मिलवॉकीवाल्यांना 'गटार-समाजवादी' म्हणून हिणवले. मिलवॉकीवाल्यांनी ते फारसे मनाला लावून घेतले नाही. १९२५ साली त्यांनी सांडपाण्याचा मोठा प्रकल्प उभा केला आणि त्यातल्या गाळाचे खत करून विकायला काढले. ते खत आजही विकले जाते, असे माझ्या विद्यार्थ्याने सांगितले. त्याच्या घरामागच्या हिरवळीला तो तेच घालतो.

संपादक म्हणून बर्जर कसा होता? त्याच्या निवडक लेखांचे संग्रह १९१२ आणि १९२९ साली निघाले. लिखाण मास्तरी वळणाचे. मुद्दा आधी सांगायचा, मग तोच फळ्यावर लिहून दाखवायचा, मग विचारायचे, समजले का? त्यात डौल नाही, विनोद बेताचा आणि 'मी' जरा जास्तच. पण शेवटच्या बाकावरचा मुलगाही सुटणार नाही, अशी खबरदारी मात्र आहे. एरवी सबुरीने वागणाऱ्या या माणसाच्या लेखणीला अधूनमधून झटका येई. १९०९ साली त्याने कामगारांनी मताबरोबर बंदुकीचीही तयारी ठेवावी, अशा अर्थाचा एक लेख लिहिला. आयुष्यभर मतपेटीवर विसंबलेल्या माणसाचा हा एक लेख पुढे त्याच्या विरोधकांनी जपून ठेवला आणि हवा तेव्हा बाहेर काढला. संपादकाचे सगळे लिखाण कुणी वाचत नाही, पण एक चुकलेला अग्रलेख सगळे वाचतात.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. समाजवादी पक्षाने सेंट लुईसच्या बैठकीत युद्धाला विरोध जाहीर केला आणि बर्जरने 'लीडर'मधून तो चालवला. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. ऑक्टोबरमध्ये पोस्टमास्तर जनरल बर्लसन याने 'लीडर'ची टपालाची सवलत काढून घेतली. लहान नियतकालिक चालवणाऱ्यांना या शिक्षेचा अर्थ लगेच कळेल. छापखान्याला कुलूप लागत नाही, संपादक तुरुंगात जात नाही, फक्त अंक गावाबाहेर जात नाही. पुढे या दैनिकाच्या नावाने येणारी पत्रेही अडवली गेली. मग खटला झाला. आरोपाच्या केंद्रस्थानी 'लीडर'चे पाच अग्रलेख होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस याने बर्जर आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वीस वर्षांची शिक्षा ठोठावली. 'केसरी'तल्या लेखांसाठी १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे मराठी वाचकाला इथे आठवल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच की टिळक मंडालेला गेले आणि बर्जर अपिलात जामिनावर राहिला.

शिक्षा होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, मिलवॉकीने त्याला पुन्हा काँग्रेसमध्ये निवडून दिले होते. वर्षभराने सभागृहाने त्याला आत घ्यायला नकार दिला. त्याच्या बाजूने एकच मत पडले, एडवर्ड व्हॉइट याचे. हा विस्कॉन्सिनचाच, विरोधी पक्षाचा आणि जर्मनीत जन्मलेला. जागा रिकामी झाली म्हणून डिसेंबर १९१९ मध्ये पोटनिवडणूक घेतली. बर्जरविरुद्ध दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला. पहिल्या वेळी सुमारे १८ हजार मते मिळालेला बर्जर या वेळी २४ हजारांहून अधिक मते घेऊन आला. जानेवारी १९२० मध्ये सभागृहाने त्याला पुन्हा दारातूनच परत पाठवले. ती जागा मग तशीच रिकामी राहिली. आपला प्रतिनिधी दोनदा परत पाठवला गेल्यावर त्या मतदारसंघातल्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटले असते तर हा लेख एका सत्पुरुषाचा गौरव ठरला असता आणि दिवाळी अंकाच्या रिवाजाला ते शोभलेही असते. पण मिलर यांच्या चरित्राने मला १९०२ आणि १९१० या दोन सालांपाशी नेले.

१९०२ साली बर्जरने आपल्या साप्ताहिकात कृष्णवर्णीयांविषयी लिहिले. त्यांचा वंशच खालच्या पायरीवरचा आहे, अशा अर्थाचे ते लिखाण आहे. शब्द इथे देत नाही. मग मे १९१० मध्ये शिकागोला पक्षाचे अधिवेशन भरले. परदेशातून येणाऱ्यांविषयी पक्षाची भूमिका ठरवण्यासाठी एक समिती नेमली होती आणि बर्जर तिच्यात होता. समितीच्या बहुमताने अहवाल दिला की चिनी, जपानी, कोरियन आणि 'हिंदू' लोकांना अमेरिकेत बिनशर्त बंदी असावी. या अहवालाच्या बाजूने बर्जर उभा राहिला. 'हिंदू' म्हणजे त्या काळच्या अमेरिकन बोलीत हिंदुस्थानातून आलेला कुणीही, मग तो शीख असो की मुसलमान. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास पॅसिफिकच्या किनाऱ्यावर शेतकी शिकत होते. बर्जरच्या समितीचे चालले असते तर त्यांच्यासारख्यांना तो किनारा दिसलाच नसता. अठराव्या वर्षी बोटीतून उतरलेला, बोलताना शेवटपर्यंत परकी ढब न सुटलेला माणूस, पन्नासाव्या वर्षी दाराला आतून कडी घालायला निघाला होता.

बर्जरविषयी आदर असणारे यावर जे सांगतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही मनाशी तेच सांगत होतो. तो त्याच्या काळाचा माणूस होता. कामगार संघटनांना स्वस्त मजुरांची भीती वाटत होती. मते सांभाळायची होती. यातले शेवटचे दोन मुद्दे खरे आहेत. पहिला मात्र टिकत नाही. कारण त्याच काळात, त्याच पक्षात, बर्जरने ज्याच्या हाती मार्क्स ठेवला तो डेब्झ होता. डेब्झने याच अहवालाविरुद्ध त्याच वर्षी खरमरीत पत्र लिहून तो समाजवादाला काळिमा आहे, अशा अर्थाने झोडपला. काळ दोघांचाही तोच होता. अधिवेशनात अखेर मॉरिस हिलक्विटचा मधला ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. वंशाच्या नावाने बंदी नको, पण ठरवून आणलेल्या मजुरांना विरोध, असा त्याचा आशय होता. म्हणजे पक्षातल्या बहुसंख्यांनाही बर्जरची कडी थोडी सैल करावीशी वाटली.

मिलर यांनी हे झाकलेले नाही, ही त्यांच्या लेखनाची मोठी जमेची बाजू. समाजवादी पक्ष आणि कृष्णवर्णीय या विषयावर त्यांनी वेगळा निबंधही लिहिला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अशा चरित्रांत ही बाब 'उणिवा' या सदरात जाते आणि १९१९ चा खटला 'धैर्य' या सदरात. मला वाटते ही एकच गोष्ट आहे, आणि ती एकत्र वाचली तरच बर्जर नीट कळतो. वीस वर्षांची ती शिक्षा १९२१ साली सर्वोच्च न्यायालयात कशावरून रद्द झाली ते पाहा. अग्रलेख निर्दोष होते म्हणून ती रद्द झाली नाही. खटल्याआधी बर्जर आणि सहकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिले होते की न्यायाधीश लँडिस जर्मन वंशाच्या लोकांविषयी उघड बोलला आहे, त्यांची मनेच बेइमान आहेत असे त्याचे मत आहे, सबब त्याने हा खटला चालवू नये. लँडिसने ते धुडकावले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, असे प्रतिज्ञापत्र आल्यावर त्याने बाजूला व्हायलाच हवे होते. म्हणजे एखाद्या माणसाचा न्याय त्याच्या जन्मावरून ठरवू नये, या एका तत्त्वावर बर्जर सुटला. त्या तत्त्वाचा लाभ त्याने घेतला, तो हक्काचाच होता. पण अकरा वर्षांपूर्वी लाखो माणसांचा निकाल जन्मावरून लावायला तो स्वतः तयार होता. लँडिसने जर्मनांविषयी जे म्हटले आणि बर्जरने कृष्णवर्णीयांविषयी जे लिहिले, त्यात जातीचा फरक मला सापडत नाही. फरक एवढाच की एकाच्या हाती शिक्षा देण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्याच्या हाती साप्ताहिक.

हे लिहिताना माझा हात थोडा जड होतो, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात सहशिक्षक होतो. शाळेचे नाव देत नाही. जवळच्या खाणीवर बाहेरून दगडफोड्यांची कुटुंबे आली होती. त्यांची भाषा ना धड आमची, ना धड पलीकडची. पाच-सहा मुलांना घेऊन दोन बाप्ये पाचवीच्या प्रवेशासाठी आले, कारण आमची शाळा त्यांच्या पालांपासून सर्वांत जवळ. संस्थेच्या बैठकीत विषय निघाला. ही शाळा आपल्या लोकांनी घरटी रुपया रुपया जमवून, सरकारशी भांडून उभी केली आहे; ती आपल्या भाषेच्या मुलांसाठी आहे; उद्या वर्गात आपलीच मुले कमी दिसली तर मान्यतेचे काय, असे सगळे बोलले गेले. त्यातली भीती खोटी नव्हती. ठराव झाला की तूर्त जागा नाहीत. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. 'तूर्त' हा शब्द माझा. बैठकीत तो कुणी उच्चारला नव्हता. शुद्धलेखनाची एक चूक न करता मी तो ठराव लिहिला आणि अध्यक्षांनी अक्षराचे कौतुक केले. पुढच्या जूनपर्यंत खाणीचे काम संपून ती पाले उठून गेली होती.

तेव्हा बर्जरवर दगड मारणाऱ्यांत मी पहिला नाही. पण त्याला 'काळाचा माणूस' म्हणून सोडून द्यायचे, तर मला मलाही सोडून द्यावे लागेल, आणि ते मला जमत नाही.

आता पत्रांविषयी. सार्वजनिक बर्जर आखडू आहे, पत्रांतला माणूस हैराण आहे. दैनिकाचे कर्ज, घरचा खर्च, पक्षातली भांडणे. मेटा त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान आणि एके काळची त्याची विद्यार्थिनी. १८९७ साली त्यांचे लग्न झाले. सुरुवातीच्या पत्रांत हा नवरा कमी आणि मास्तर जास्त आहे. काय वाच, कसे वाग, हे तो सांगतो. पुढे पुढे सूर बदलतो. मेटा १९०९ साली मिलवॉकीच्या शिक्षण मंडळावर निवडून आली आणि तीस वर्षे तिथे राहिली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिने काम केले. नवऱ्यावर खटला चालू असताना घर आणि चळवळ दोन्हीकडे ती उभी होती. विद्यार्थिनी मास्तरांच्या बरोबरीला आली आणि काही बाबतींत पुढे गेली, हे पत्रांतून हळूहळू उलगडत जाते. संपादकांनी टीपा नेटक्या दिल्या आहेत. पत्रे बव्हंशी दूरच्या प्रवासातली असल्याने दोघे एका घरात असतानाचा काळ मात्र निसटतो, हा पत्रसंग्रहांचा नेहमीचाच दोष. पत्रांतला हा बदलणारा नवरा वाचताना एकच रुखरुख लागते. बायकोच्या बाबतीत ज्याला आपले मत सोडता आले, त्याला इतर माणसांच्या बाबतीत ते सोडायला इतका उशीर का लागावा?

बर्जर १९२२ साली पुन्हा निवडून आला. त्याच्यावरचे उरलेले आरोप तोवर मागे घेतले गेले होते आणि 'लीडर'ला टपालाची सवलतही परत मिळाली होती. या वेळी सभागृहाने त्याला मुकाट्याने आत घेतले आणि १९२९ पर्यंत तो तिथे बसला. त्याच वर्षी १६ जुलैला मिलवॉकीत रस्ता ओलांडताना ट्रामची धडक बसली आणि ७ ऑगस्टला तो गेला. नगरभवनात ठेवलेल्या देहाचे दर्शन घ्यायला हजारो माणसे आली. जर्मन नाटकांच्या आणि जर्मन शाळांच्या त्या शहरातून युद्धकाळातच जर्मन भाषा झपाट्याने उठली होती. रांगेतल्या किती जणांनी एकमेकांशी त्या भाषेत बोलायचे धाडस केले असेल, कोण जाणे.

मेटाचे आत्मकथनही २००१ साली पुस्तकरूपाने आले आहे. विद्यार्थ्याला मी ते पाठवायला सांगितले आहे. कुणी त्याचे मराठी भाषांतर करणार असेल तर ते आपल्या भागातल्या माणसाने करावे, असे वाटते. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी, अशा घराचे वर्णन करताना पुण्या-मुंबईच्या भाषांतरकाराला टीपा द्याव्या लागतील. त्या आपल्याकडे कुणाला लागणार नाहीत.